शिरक्याच्या पिंपाचा ढोल

ढोल शेकायचं काम त्या आवारात बायकांकडे होतं. वाजवायचे पुरुषांनी, कातड्यावर हात पडायचा तो पुरुषाचाच. पण खाडीच्या दमट हवेनं सैलावलेलं कातडं आगीसमोर धरून ताठ करून द्यायचं, ते बायकांनी. आगीपाशी घाम फुटतो, डोळ्यांत धूर जातो, आणि तेवढ्या वेळात पुरुषांना रमचा एक घोट जास्त मिळतो. यापलीकडे त्याला काही कारण असेल असं सेफेरिनाला कधी वाटलं नव्हतं.

सांता बार्बराच्या सणाची दुपार होती. मातान्सास या बंदराच्या गावातल्या त्या आवारात सगळ्या खोल्यांची दारं सताड उघडी होती आणि मधल्या अंगणात माणसांची दाटी झाली होती. ढोलांवरची बंदी उठल्यावरचा हा पहिला सण. इतकी वर्षं खाटांखाली, माळ्यावर, कोरड्या विहिरीत दडवलेले ढोल उजेडात आले होते. मधली वर्षं सगळ्यांनी खारवलेल्या माशांच्या रिकाम्या खोक्यांवर आणि कपाटाच्या खणांवर ठेका धरून काढली. पोलीस आले की खोक्यावर बसायचं आणि गप्पा मारायच्या. एक अख्खी पिढी खोक्यांवरच हात बसवून मोठी झाली.

सेफेरिनानं दिनाला पाठीशी फडक्यानं घट्ट बांधलं होतं. पोर नुकतीच रांगायला लागली होती, दिसेल ते तोंडात घालत होती. निखाऱ्यांपाशी तिला आणायचं नाही असं ठरवूनही आणलं होतं, कारण दुसऱ्या कुणाकडे द्यायचा धीर झाला नव्हता. ठिणगी उडाली की सेफेरिना आधी मागे हात नेऊन पोरीचं डोकं झाकायची, मग पुढचं काम.

एवारिस्तो निळ्या रंगाचा ढोल घेऊन आला. बंदरावर हमालांच्या टोळीचा तो मुकादम. अंगात पांढरा सदरा, बोटात अंगठी. ढोल लहान होता, म्हणजे किंतो. बाहेरचे लोक या ढोलांना सरसकट कोंगा म्हणतात, पण इथे तिघांना तीन नावं आणि तीन कामं. मोठा आणि मधला आपले एकाच चालीनं चालत राहतात. बोलतो तो लहान. नाचणाऱ्याला डिवचतो, गाणाऱ्याला उत्तर देतो, सगळ्यांत धाकटा असून सगळ्यांवर मुकादमी करतो.

"हवानात बनवून घेतला," एवारिस्तो म्हणाला. "जरा सांभाळून तापव, सेफे. नवी नवरी आहे, लाजते."

"लाजते कसली, काका. तुमच्या हातात आली म्हणजे आठवड्यात लाज सोडेल," शेजारची एक बाई म्हणाली आणि सगळ्याजणी हसल्या.

सेफेरिनानंही हसून ढोल घेतला. तोंड निखाऱ्यांकडे करून आडवा धरला आणि हळूहळू फिरवू लागली. कातडं कोरं होतं, खिळे कोरे होते. कातड्यातून ऊब लाकडात उतरली, फळ्या गरम झाल्या, आणि ढोलाच्या पोटातून एक वास बाहेर आला.

आंबट. नाकात बारीक सुई जावी तसा. काकड्या आणि मिरच्या मुरवतात त्या द्राक्षाच्या शिरक्याचा.

तिचे हात थांबले. मनाला कळायच्या आधी हातांना कळलं.

तिचा बाप सिक्स्तो बंदरावरच्या वखारीत पिंपं बांधायचा. त्याच्या आजोबांना कोंगो देशातून जहाजात कोंबून आणलं होतं. साखरमळ्याच्या बराकीत आजोबा झाडाचं खोड आतून जाळून पोकळ करायचे, त्यावर कातडं ठोकायचे आणि रविवारच्या दुपारी मालकाच्या परवानगीनं तेवढे दोन तास माणूस व्हायचे. पुढे गुलामी गेली, माणसं बंदरावर आली. तिथे खोडं नव्हती, पण पिंपं होती, आणि पिंपाच्या फळ्या बाक देऊन जोडायची कला याच लोकांच्या हातात होती. खोडाचा ढोल पिंपाचा झाला. कुणी रमच्या पिंपाचा करायचा, कुणी तेलाच्या. शिरक्याच्या पिंपाला कुणी हात लावत नसे. शिरक्यानं कातडं सडतं म्हणायचे.

सिक्स्तोनं मुद्दाम तेच पिंप उचललं. "रमच्या पिंपाचा ढोल गोड बोलतो," तो म्हणाला होता. "गोड बोलायला मालक लोक आहेतच की." त्या किंतोचं नाव त्यानं 'तोंडाळ' ठेवलं. एरवी त्याला कसलाच वास नव्हता. आगीपाशी धरला की मात्र लाकूड घाम फुटल्यासारखं शिरका सोडायचं, आणि वाजवणाऱ्याच्या हाती जाऊन थोडा निवला की वास पुन्हा आत. पुरुषांना तो कधी कळलाच नाही. कळला तो शेकणाऱ्या बायकांना, आणि फ्रॉक घालायच्या वयापासून बापाचा ढोल शेकणाऱ्या सेफेरिनाला.

बंदी असताना अशाच एका सांता बार्बराच्या दिवशी पोलीस आले होते. इकडेतिकडे न शोधता सरळ मागच्या कोळशाच्या खोलीत गेले, कोळसा उपसला आणि खालचे ढोल बाहेर काढले. सिक्स्तो त्यांच्या वाटेत आडवा पडला म्हणून त्यालाही नेलं. तुरुंगाच्या ओलीत त्याला खोकला लागला आणि तो शवपेटीतूनच घरी आला. सेफेरिनाची आई चौकीवर गेली, म्हणाली, नवरा गेला, निदान ढोल द्या. साहेब म्हणाला, जाळले. मग राख तरी द्या, म्हणाली. शिपायानं हसत एका डब्यात राख भरून दिली. ती राख तिनं नवऱ्याच्या पेटीत ठेवली. ठेवण्याआधी दोघी मायलेकींनी डब्यात नाक घालून पाहिलं होतं. राखेला कसलाच वास नव्हता. जळल्यावर वास कसला राहतोय, आई म्हणाली होती.

चुगली कुणी केली यावर पुष्कळ बोलणं झालं. शेवटी आळ कोपऱ्यावरच्या परदेशी वाण्यावर आला. त्याच्याकडून मीठसुद्धा घ्यायचं नाही असं आवारानं ठरवलं, आणि तो म्हातारा दुकान विकून निघून गेला. ठरवण्यात पुढाकार कुणाचा होता, ते सेफेरिनाला आता आठवलं. एवारिस्तोचा. त्यानंतर लवकरच तो मुकादम झाला होता. आणि पोलीस आले त्या दिवशी बर्फ आणायला म्हणून आधीच बाहेर पडलेलाही तोच.

तिनं ढोल निखाऱ्यांच्या जवळ नेला. आणखी जवळ. कातड्याच्या कडेचे केस करपायला लागले. अजून थोडं, की कातडं मधोमध उलेल, मग वाजव म्हणावं हवानाची नवरी.

मनगटावर एक हात पडला. सासूबाई तिमोतेआ शेजारी बसून मोठा ढोल शेकत होत्या. तोंड न वळवता त्या म्हणाल्या, "मलाही आला."

सेफेरिनानं ढोल तसाच धरून ठेवला.

"फाडशील तर तो हसेल. उद्या दुसरं चढवील. कातडं त्याचं आहे, त्याला काय." मग लगेच, "आणि माझा नासारियो त्याच्या टोळीत आहे. हेही ध्यानात ठेव."

तिमोतेआबाईंचा स्वभाव असाच. एका दमात रस्ता दाखवायच्या आणि त्याच दमात अडवायच्या.

नासारियोनं बायकोचं तोंड लांबूनच पाहिलं होतं. तो जवळ आला. तिनं सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला. खोटं बोलतेस असं तो म्हणाला नाही. बाजूला घेऊन म्हणाला, "वाजू दे आज. रोज सकाळी धक्क्यावर कामाला नावं कोण पुकारतो? तोच. त्यानं माझं नाव गिळलं तर पोरीच्या तोंडात काय घालणार आहेस? ढोल?"

हेच ती स्वतःशीही म्हणत होती. पाठीवरची पोर मानेवर ऊन ऊन श्वास सोडत होती. एवढ्यातल्या एवढ्यात सेफेरिनानं सगळं पाहून टाकलं: रिकामी चूल, आटलेलं दूध, दवाखान्याचं बंद दार. अशा गोष्टी तिला नेहमीच आधी दिसायच्या, आणि त्या घडत नसत तेव्हाही दिसायच्या. तिनं ढोल नेऊन एवारिस्तोच्या हातात दिला. "घ्या, काका," म्हणाली. "छान तापलाय."

रुम्बा, म्हणजे ढोल, गाणं आणि नाच यांचा फेर, सुरू झाला. मोठा ढोल चालायला लागला, मधला त्याच्या पावलात पाऊल घालून निघाला. मग किंतो बोलला.

तो आवाज तिनं कितीतरी वर्षं ऐकला नव्हता. बाप अंगणातून हाक मारायचा तेव्हा ती जिथे असेल तिथून धावत निघायची; आताही पाय तसेच निघाले. कातडं बदललं होतं, रंग बदलला होता, बोलणं तेच होतं. तिच्या बापाचा आवाज त्या माणसाच्या बोटांखाली, अंगठीखाली, लोकांना हसवत होता. आणि लोक वाहवा करत होते.

तिनं पाठीवरचं फडकं सोडलं आणि पोर सासूच्या मांडीवर दिली. तिमोतेआबाईंनी पोरीला घट्ट धरलं. नको म्हणाल्या नाहीत.

ढोलाला हात लावायचा नाही, पण गाणं उचलायला बायकांना मोकळीक होती. टोमण्याचं गाणंही. कुणी तसं गाणं उचललं, की ज्याच्यावर रोख असेल त्यानं गाण्यानं नाही तर ढोलानं उत्तर द्यायचं. गाणं संपेपर्यंत किंतोवाल्यानं उठायचं नसतं. जो उठला तो हरला, आणि ते त्याच्या नातवंडांना ऐकवलं जातं.

सेफेरिना कोंडाळ्यात शिरली. आवाज तिचा फार मोठा नव्हता, पण कोरा होता.

"सिक्स्तोच्या पिंपात शिरका होता,
जाळला म्हणाले, राखेला वास नव्हता.
मग आज हा वास कुठून आला गं?"

कोरससाठी ओळ तिनंच टाकली: "ढोलाला विचारा, ढोल सांगेल."

आधी हशा झाला. एवारिस्तोही हसला, किंतोवर एक मिस्कील थाप मारून त्यानं उत्तर दिलं. सिक्स्तोचं नाव आल्यावर सणाच्या दिवशी आठवण काढली एवढंच पुरुषांना वाटलं. पण निखाऱ्यांपाशी बसलेल्या बायका हसल्या नाहीत. एकीनं दुसरीकडे पाहिलं. मग त्यांच्यातली एक म्हातारी, सिक्स्तोचे ढोल शेकलेली, आपल्या फाटक्या आवाजात म्हणाली, "ढोलाला विचारा, ढोल सांगेल." दुसऱ्या फेरीला सगळ्याजणी. तिसऱ्या फेरीला पोरंटोरं, कारण ओळ सोपी होती.

सेफेरिना फेरीगणिक एकेक ओळ टाकत गेली. कोळशाखाली काय आहे ते पोलिसांना कुणी सांगितलं. म्हाताऱ्या वाण्याचं मीठ कुणी बंद केलं. बर्फ आणायला म्हणून गेलेला माणूस त्या दिवशी का परतला नाही. नाव तिनं एकदाही घेतलं नाही. कोरस प्रत्येक वेळी तेवढंच म्हणत राहिला, आणि हसू एकेका चेहऱ्यावरून उतरत गेलं.

एवारिस्तोला थांबता येत नव्हतं. थांबला तर हरला, म्हणून तो वाजवत होता. आणि तो जितकं जीव तोडून वाजवी तितकं ते गाणं रंगत होतं. त्याच्या बदनामीला ठेका त्याचाच होता. पांढरा सदरा पाठीला चिकटला.

मग ढोल निवायला लागला. खाडीवरून वारा सुटला होता, कातडं सैलावलं, किंतोचा आवाज बसला. अशा वेळी वाजवणारा ढोल मागे करतो आणि कुणीतरी बाई तो घेऊन शेकून आणते. एवारिस्तोनं सवयीनं ढोल मागे केला.

कुणीही हात पुढे केला नाही.

तो तसाच धरून राहिला. सेफेरिनानं हात पोटाशी बांधले होते. तिमोतेआबाई पोरीच्या टोपीची नाडी बांधत होत्या. ती म्हातारी निखारे उगीच सारखे करत होती. ती म्हणाली, "बायकांचे हात भाजलेत रे आज, बाबा. तूच तापव."

तो उठला नाही असं म्हणता आलं असतं, ढोल शेकायलाच तर गेला. जन्मात पहिल्यांदा तो निखाऱ्यांपाशी उकिडवा बसला. ढोल किती लांब धरायचा, कसा फिरवायचा, काही माहीत नव्हतं. तोंड खाली करून त्यानं तो सरळ निखाऱ्यांवर धरला. लाकूड तापलं, आणि शिरक्याचा भपका सरळ त्याच्या तोंडावर आला.

सगळं आवार त्याच्याकडे पाहत होतं. त्यानं मान झटक्यानं मागे घेतली. नवल वाटलेल्या माणसाचा चेहरा तो नव्हता. बायकांच्या गाण्यातल्या वासाचा अर्थ त्याला आत्ता कळला होता. रंग बदलला, कातडं बदललं, खिळे बदलले, आणि हे एक राहिलं. इतकी वर्षं घरात चोरून ठेवलेला ढोल त्यानं आगीसमोर कधी धरलाच नव्हता.

मोठा आणि मधला ढोल वाजवणाऱ्यांनी हात आवरले. त्या शांततेत दिना काहीतरी बोबडं बोलली. एवारिस्तो ढोल काखेत मारून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर नासारियोचं नाव पुकारलं गेलं नाही. त्यानंतरही नाही. तो रिकाम्या हातानं घरी यायचा आणि बायकोशी बोलायचा नाही, आईमार्फत बोलायचा: तिला सांग, पाणी दे. सेफेरिना लोकांचे कपडे धुऊ लागली. रताळी उकडून पहिला घास पोरीला द्यायची, रात्री पोरीच्या बरगड्यांवर बोटं फिरवून पाहायची. माझा राग माझ्या पोरीला पोसेल का, असं तिनं सासूला एकदा विचारलं. तिमोतेआबाई म्हणाल्या, पोसणार नाही, पण उपाशीही ठेवणार नाही. मी अजून दोन घरची इस्त्री धरते.

गाणं मात्र ती रोज म्हणायची. कपडे आपटताना, भांडी घासताना, नदीवर. म्हणायची गरजही उरली नव्हती. ते बाजारात गेलं, कोळणींनी उचललं, दोरखंडाच्या वखारीत गेलं. कार्निवल जवळ आला आणि वस्तीच्या मिरवणुकीनं तेच गाणं सरावाला घेतलं, कारण चालायला त्याच्यासारखा ठेका नव्हता. टोळीतले हमाल ओझं उचलताना एवारिस्तोसमोरच कोरसची ओळ म्हणत. ओझं उचलताना गाण्यावर बंदी कुठे आहे?

कार्निवलच्या अलीकडच्या रविवारी तो आला. दारात उभा राहिला, काखेत निळा ढोल. दाढी वाढलेली. नासारियो खाटेवरून उठून उभा राहिला. सेफेरिना जमिनीवर बसून पोरीला मक्याची पेज भरवत होती, ती बसूनच राहिली.

"माझ्या मुलींना रस्त्यानं जाता येत नाही, पोरी," एवारिस्तो म्हणाला. "शाळेच्या पोरांनाही पाठ झालंय."

तिनं पोरीचं तोंड पुसलं.

"तो आडवा पडेल हे मला काय ठाऊक? फक्त ढोल न्यायचे, असंच ठरलं होतं. त्यातला एक मला द्यायचा. असा ढोल मला आयुष्यात कधी..." त्यानं ढोलाकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं. "माणूस न्यायचं ठरलं नव्हतं."

मग तो मुद्द्यावर आला. ढोल परत. नासारियोचं नाव उद्यापासून यादीत पहिलं. आणि तिनं मिरवणुकीच्या लोकांना सांगायचं, यंदा दुसरं गाणं घ्या. तिनं सांगितलं तर ते ऐकतील.

नासारियो बायकोकडे पाहत होता. त्या नजरेत काय होतं ते तिला नीट कळलं, आणि त्यापुढे ती पुन्हा एकदा वाकलीही असती. पण तेवढ्यात तिला आईचा हात आठवला, डब्यातली राख पेटीत ओतणारा.

"ढोल ठेवा," ती म्हणाली.

त्यानं ठेवला. तिनं पोर नासारियोच्या हातात दिली, फळीवरून पक्कड काढली आणि ढोल मांडीत घेऊन कातड्याचे खिळे उपसायला लागली. घाई न करता, एकेक. खिळे जमिनीवर पडत होते. शेवटचा निघाला तसं कातडं ताठरलेल्या टोपीसारखं हातात आलं. ते तिनं एवारिस्तोपुढे धरलं.

"लाकूड माझ्या बापाचं. हे तुमचं. घेऊन जा."

त्यानं घेतलं. घेऊन काय करायचं ते न कळून दोन्ही हातांत धरून उभा राहिला. "आणि गाणं?"

"गाणं कोरसचं आहे, काका. मी नुसतं उचललं."

"सेफे," नासारियो हलकेच म्हणाला. पोरीला खांद्यावर घेऊन त्यानं उघड्या ढोलात वाकून पाहिलं, नाक आत घातलं. त्याला काही वास आला नसणार, लाकूड थंड होतं. तरी बराच वेळ तो तसाच वाकून होता, आणि सरळ झाला तेव्हा बायकोला म्हणाला, दोरखंडाच्या वखारीत माणसं घेतायत म्हणे, उद्या जाऊन बघतो. कितीतरी दिवसांनी तो तिच्याशी थेट बोलला होता.

एवारिस्तो दाराकडे वळला आणि थबकला. गल्लीच्या तोंडाशी ढोल लागले होते. मिरवणुकीचा सराव निघाला होता, पोरंबाळं पुढे, बायका मागे, आणि घराघरांतून माणसं त्यात मिसळत होती. तीच चाल, तीच ओळ. आता बाहेर पडला असता तर सरळ त्यांच्या तोंडात गेला असता, हातात ते कातडं घेऊन.

तो आत सरकला. भिंतीला टेकून उभा राहिला. सेफेरिनानं खुर्ची पुढे केली नाही. गल्ली लांब होती, आणि ते लोक दर दाराशी थांबून नाचत येत होते.

तिनं झाडू घेतला आणि खिळे गोळा करायला लागली. खाटेखालून, चुलीपासून, उंबऱ्याच्या फटीतून. मोजून झाले तरी समाधान होईना, तिनं गुडघ्यांवर बसून जमिनीवरून तळहात फिरवला. गाणं दाराशी येऊन थांबलं होतं. एवारिस्तोच्या बुटापाशी काहीतरी चकाकलं.

"पाय उचला, काका," ती म्हणाली. "पोर रांगते."